प्रतिसाद: पावसाळ्यात दूध आटलं तर नुसतं कॅल्शियम?
दादा, पावसात शेळीचं दूध आटलं तर नुसतं कॅल्शियम पाजून चालेल का, असं तुम्ही विचारलंत. नाही भागत हो. जोडीला फॉस्फरस हवाच, साधारण दोन भाग कॅल्शियमला एक भाग फॉस्फरस. दुभत्या शेळीला रोज १० ते १५ ग्रॅम खनिज मिश्रण भरड्यात कालवून द्या. मेंढ्यांसाठीचं मात्र आणू नका. त्यात तांबं सहसा घालत नाहीत, शेळीला ते लागतं. आमच्या कोकण कन्याळ शेळ्या गेल्या आषाढात गोठ्याचा चिरा (जांभा दगड) चाटत उभ्या राहायच्या, जिभा लाल व्हायच्या, तेव्हा खनिजं कमी पडतायत हे कळून माझे डोळे उघडले. चाटण वीट (शेळ्यांनी चाटायची खनिजांची वीट) तोंडाच्या उंचीवर टांगा, खाली ठेवलीत तर दमट हवेत पाणी सुटून शेणात जाते. चाऱ्यात सुबाभळीचा पाला एक तृतीयांशाच्या वर नको. बाकी फणसाचा, शेवरीचा पाला आहेच.