मदत हवी आहे: रॉकेलचा जुना फ्रीज पेटतो, पण गार होत नाही

मंडळी, घाटंजी तालुक्यातल्या खेड्यातून लिहितोय. चार म्हशी, संध्याकाळचं दूध बारा-तेरा लिटर, आणि डेअरीची गाडी येते फक्त सकाळी. पारा ४५ वर, लाइन कधी जाईल त्याचा नेम नाही. गेल्या आठवड्यात तीनदा दूध नासायला आलं. आई रात्री अकराला चूल पेटवून खवा आटवते. पण रोज खवा घेणार कोण?

भंगारवाल्याकडून रॉकेलवर चालणारा फ्रीज अठराशेला आणला. मागे नळ्यांची जाळी, कॉम्प्रेसर नाहीच. वाचलं ते असं: आचेनं पाण्यातला अमोनिया उकळून वर जातो, जाळीत गार होऊन तो पातळ द्रव होतो, आत हायड्रोजनमध्ये त्याची वाफ होताना थंडावा येतो, मग खाली पाणी त्याला परत शोषून घेतं. प्लाटेन आणि मुंटेर्स या स्वीडनच्या दोन विद्यार्थ्यांनी हे १९२२ साली जमवलं म्हणे. इथे मात्र सात तास बत्ती जळतेय, धुराड्याची नळी अशी तापते की थेंब टाकला तर चुर्र होतो, आणि आतला पाण्याचा तांब्या जसाच्या तसा!

रेशनचं रॉकेल आता कुठलं? म्हणून गोबरगॅसचा बर्नर बसवायचा विचार आहे. एक नळी थोडी चेपली आहे, तिथे वेल्डिंग मारू का?

प्रतिसाद १:
वेल्डिंगचं नावही काढू नका भाऊ. आत दाबाखाली अमोनिया आहे, वर हायड्रोजन. नळ्यांजवळ पिवळी पूड किंवा डोळ्यांत झोंबणारा वास असेल तर गळती समजा, बत्ती बंद करा आणि लांब व्हा.

तसं काही नसेल तर आधी पाणसळ लावून पाहा. यात पंप नसतो, पातळ द्रव स्वतःच्या वजनानं उताराला वाहतो, त्यामुळे फ्रीज कललेला असला की सगळं थांबतं. आतल्या जाळीवर थाळीत पाणी ठेवलं तरी कळेल. जाळीच्या मागे हवेला मोकळी जागा हवी, भिंतीला टेकवू नका. आणि बारा लिटर कोमट दूध हा फ्रीज एका रात्रीत गार करेल अशी आशा नको. आधी कॅन विहिरीच्या पाण्यात बुडवा, मग उरलेलं काम त्याच्यावर सोडा. गोबरगॅसला जेटचं भोक मोठं लागेल, पण तो प्रश्न नंतरचा.

धागाकर्ता:
थाळी ठेवली. पाणी एका बाजूला करंगळीभर जास्त! ओसरीची फरशीच उताराची निघाली, तेही आजोबांनी पावसाचं पाणी जावं म्हणून मुद्दाम केलेली. खाली पाट घालून सरळ केलाय. वास नाही, पिवळं काही नाही. चार तास झाले, खालची नळी आता हाताला कोमट लागते, आधी लागत नव्हती. ही चांगली खूण आहे का?