टर्कीच्या अस्थिमज्जेची स्लाईड: हाड कोणतं घ्यावं?

गोदाकाठची: एमएस्सी प्राणिशास्त्राच्या प्रोजेक्टला टर्कीची अस्थिमज्जा घेतलीय. सिन्नर रोडला एक काका टर्की पाळतात, हाडं द्यायला तयार आहेत. पंखाचं वरचं हाड फोडलं तर आत नुसती पोकळी! कुठलं हाड घेऊ? पेशी रंगवायला लीशमन रंग चालेल का? नाशिकात जमेल असंच सुचवा.

जुना_पशुवैद्य: ते ह्युमरस. मोठ्या पक्ष्यात त्यात हवेची पिशवी शिरते, मज्जा कुठून मिळणार? तंगडीचं हाड घ्या, टिबिओटार्सस. गुडघ्याकडच्या टोकाला फोडा. पक्षी तरणा हवा. म्हाताऱ्यात चरबीच फार. अंडी घालणारी मादी शक्यतो नको. कवचाला कॅल्शियम साठवायला तिच्या पोकळीत हाडाची बारीक जाळी वाढते, स्मिअर (काचेवर पसरलेला मज्जेचा पातळ थर) खरखरीत होतो.

लीशमन चालेल, बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) ६.८ पीएचचा ठेवा. पण स्मिअर काकांच्या शेडवरच करा, पक्षी कापल्या कापल्या. घरी आणेपर्यंत पेशी फुगून फुटतात. आणि फॉर्मलीनची बाटली स्लाईडच्या डब्यात अजिबात नको! नुसत्या वाफेनेही रंग बिघडतो.

लॅबवाला_पंचवटी: +१. माणसाच्या स्लाईडची सवय असेल तर आधी गोंधळ उडेल. तांबड्या पेशी लंबगोल, पक्व झाल्या तरी केंद्रक असतंच. थ्रॉम्बोसाईटलाही (रक्त गोठवणाऱ्या पेशी) केंद्रक, त्यामुळे मेगाकॅरिओसाईट (माणसात प्लेटलेट बनवणाऱ्या मोठ्या पेशी) शोधत बसू नका, पक्ष्यांत नसतातच. पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिलच्या जागी हेटेरोफिल, विटकरी कांड्यांसारखे कण असलेले. पेशींची मोजणी मात्र हातानेच. आमच्या मशीनला केंद्रकवाल्या पेशी कळत नाहीत, आकडे वाट्टेल ते देतं.

गोदाकाठची: दादा, तांबड्या पेशी रक्तवाहिनीच्या आतच बनतात असं वाचलं. ते स्मिअरवर दिसेल?

लॅबवाला_पंचवटी: नाही, स्मिअरमध्ये सगळी रचना मोडते. त्याला सेक्शन, म्हणजे मज्जेचा पातळ काप लागेल. सायनुसॉइडच्या (मज्जेतल्या रुंद, पातळ रक्तवाहिन्या) भिंतीला चिकटून कोवळ्या तांबड्या पेशी, मधल्या पोकळीकडे पिकलेल्या. हेटेरोफिलचं घराणं भिंतीबाहेर. हे बघायला मिळणं म्हणजे चैनच. तुकडा १०% फॉर्मलीनमध्ये ठेवा, मग ईडीटीएत (कॅल्शियम काढून घेणारं रसायन) हाड मऊ होऊ द्या. घाईने कडक ॲसिडात टाकलंत तर केंद्रकं रंगच घेणार नाहीत. मऊ झालं की कुठल्याही हिस्टोपॅथ (ऊती तपासणाऱ्या) लॅबला मेणाचा ब्लॉक करायला द्या.

खवय्या_सातपूर: हाडं तुम्हाला, बाकीची टर्की कोणाला? 😄

गोदाकाठची: तुम्हालाच, पैसे काकांना द्या! रविवारी सकाळी पक्षी कापतात, स्लाईड घेऊन तिथेच जाते.

जुना_पशुवैद्य: पाऊस असेल तर छोटा पंखा न्या. दमट हवेत स्मिअर हळू वाळला की पेशी आकसतात.