रि: आई-बाबांची डॅन्यूबची बोट – बेलग्रेडचं काय?

मधुरा:
नमस्कार मंडळी, केबिन उद्या संध्याकाळपर्यंतच धरून ठेवलीय, म्हणून घाईत लिहितेय. जर्मनीतल्या पासाऊहून सुटणारी बोट. आधी बुडापेस्टहून मागे वळणारी ठरली होती. आता एजंट म्हणतो सर्बियातल्या बेलग्रेडपर्यंतची घ्या, दिवस जास्त आणि पैशांत फारसा फरक नाही. बाबा तर नकाशा उघडून बसलेत. पण दोघांच्या शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो; सर्बिया त्यात नाही) एंट्रीच्या रकान्यात ०१ आहे, म्हणजे एकदाच आत येता येतं. एजंटचं म्हणणं, 'बोटवाले सगळं बघतात.' कुणी आई-वडिलांना असं पाठवलंय का? आणि कृपा करून साल्झबुर्गच्या सहलीचा विषय पुन्हा काढू नका.

आनंदकाका:
बेधडक पाठव गं. आम्ही दोघं बुडापेस्टहून बसने बेलग्रेडला गेलो होतो, कुणी हूं की चूं केलं नाही. कालेमेगदानचा किल्ला बघायलाच हवा, सावा आणि डॅन्यूबचा संगम वरून काय दिसतो! सर्बियाला भारतीयांना व्हिसा लागतच नाही.

निखिल:
काका, ती सवलत १ जानेवारी २०२३ पासून बंद झाली. वैध शेंगेन व्हिसावर सोडतात अजून, पण प्रश्न आत जाण्याचा नाहीच. हंगेरी सोडताना सीमेवरच्या मोहाच बंदरात बाहेर पडल्याची नोंद होते. तिथे ०१ संपला. परतीच्या वाटेवर त्याच मोहाचला काय दाखवणार? तुमच्याकडे जर्मनीचं राहण्याचं कार्ड आहे, म्हणून तुम्हाला कुणी अडवलं नाही.

आनंदकाका:
कार्ड होतं, मान्य. पण समजा दोघं बेलग्रेडला उतरलेच नाहीत? डेकवर चहा घेत बसायचं. किल्ला तिथूनही दिसतो.

निखिल:
काका, बोटच शेंगेनच्या बाहेर जातेय. तुम्ही उतरा नाहीतर केबिनमध्ये झोपून राहा, बाहेर पडलात ते पडलात.

वर्षाताई:
अरे, किती वाद घालाल? माझ्या नणंदेची बोट क्रोएशियात वुकोवारला थांबली होती, ते चालतं ना? आणि मधुरा, आई गणपतीच्या आधी परत येतेय ना नक्की? उकडीच्या मोदकांच्या यादीत तिचं नाव मी पहिलं लिहिलंय. मागच्या वेळी आयत्या वेळी पारी करायला कुणी नव्हतं, ते सगळ्यांना आठवत असेलच.

निखिल:
वुकोवार २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, पण ही बोट पुढे नोवी सादला जाते, आणि ते सर्बियात. मोदकांबद्दल मला माहीत नाही.

सुजाता:
मूळ चूक व्हिसा मागतानाच होते. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्यांसाठी नियम सैल झालाय: मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून नीट वापरले असतील, तर पुढचा साधारणपणे दोन वर्षांचा मल्टिपल (कितीही वेळा आत-बाहेर करता येणारा) देतात, पासपोर्टची मुदत तेवढी असली म्हणजे. हे मी लिस्टवर पूर्वीच टाकलं होतं, कुणी वाचत नाही. माझ्या सासूबाईंना मिळाला.

मधुरा:
सुजाता, आई-बाबांचा हा पहिलाच व्हिसा गं.

प्रशांत (सहल समिती):
एक विनंती. प्रवासाचे सल्ले सहल समितीकडे आले तर बरं पडतं, नाहीतर जो तो आपलं सांगतो. समितीचं मत: बुडापेस्ट. उद्याच्या उद्या कुणी व्हिसा बदलून देणार नाही.

मिलिंद:
समितीचं मत आमच्या निखिलने तीन मेल आधीच दिलं होतं. असो. व्हिसाइतकंच नदीचंही बघा. पासाऊच्या जुन्या राटहाउसच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, भिंतीवर पुराच्या खुणा आहेत. २०१३ च्या जूनमध्ये पाणी १२.८९ मीटरला गेलं होतं. २०२४ च्या सप्टेंबरात ऑस्ट्रियात नदी जहाजांना बंद होती. आम्ही नेमके तेव्हाच निघालो होतो. कंपनीचं नाव घेत नाही, पण बोटीचे पैसे भरून आम्ही व्हिएन्ना पाहिलं ते बसच्या खिडकीतून. पुरासाठी काय देतात ते कागदावर आधी वाचा.

आनंदकाका:
पूर सोडा, खरा त्रास वेगळाच. धक्क्याला जागा कमी, म्हणून बोटी एकमेकींना खेटून बांधतात. बाल्कनीचे जादा पैसे मोजायचे आणि सकाळी पडदा सारला की समोर दुसऱ्या बोटीतला गृहस्थ दाढी करतोय!

वर्षाताई:
आनंदराव, तुमचं काहीतरीच. पण एक सांगते, केबिनमध्ये विजेची किटली बहुतेक चालू देत नाहीत. चहा मसाल्याची पुडी द्या, गरम पाणी रेस्टॉरंटमधून मिळतं.

मधुरा:
बुडापेस्टचीच घेतली. बाबा जरा रुसलेत, पण ऑस्ट्रियातलं वाखाउचं खोरं दिवसाउजेडी पार होणार म्हटल्यावर खुलले. पुढचा प्रश्न: व्हिएन्नाला जेमतेम दुपार मिळतेय. बोटीच्या बसने शोनब्रुनचा महाल करावा की आपलं आपण?

प्रशांत (सहल समिती):
बोटीची बस. वयस्क माणसं आहेत.

मिलिंद:
कशाला? राइशब्र्युकेच्या धक्क्यावरून फोरगार्टनश्ट्रासं स्टेशन पायी होतं. यू-१ मेट्रो धरली की चौथं स्टेशन श्टेफान्सप्लाट्झ, शहराच्या मधोमध. शोनब्रुन हवंच असेल तर श्वेडनप्लाट्झला यू-४ घ्यायची. पण एवढ्याशा दुपारी दोन्ही मारू नका, महालाच्या बागेतच पाय दुखतात. बुडापेस्टला मात्र ट्राम नंबर २, पेस्टच्या काठाने जाते, बसल्याजागी पार्लमेंटपासून साखळी पुलापर्यंत सगळं दिसतं. फोरिंट थोडे जवळ असू द्या, तिथे युरो नाही.

आनंदकाका:
यू-१ मध्ये पाकीट सांभाळा.

प्रशांत (सहल समिती):
समितीने म्हणूनच बस सुचवली होती.

निखिल:
पासाऊला जायला बायर्न-टिकट (बव्हेरियातलं दिवसभराचं रेल्वे तिकीट) घेणार असाल तर कामाच्या दिवशी ते सकाळी ९ नंतरच चालतं. बोट किती वाजता सुटतेय?