'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड': वर्णद्वेषाचा संदेश की नुसती गोष्ट?

रात्रपाळी: दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोचा १९६८ चा हा सिनेमा अखेर पाहिला. जिकडे वाचावं तिकडे 'वर्णद्वेषावरचं भाष्य'. मला तर शेतघरात अडकलेली सात माणसं आणि बाहेर उठून चालणारे मुडदे, एवढंच दिसलं. नायक बेन काळा आहे, पण त्याच्या रंगाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. मग भाष्य सिनेमात आहे की आपणच चिकटवतोय?

जुना प्रोजेक्टर: चकार शब्द काढत नाहीत म्हणूनच तर ते लागतं! बेन झालेल्या ड्वेन जोन्सची ऑडिशन सगळ्यांत सरस झाली म्हणून त्याला घेतलं, असं रोमेरोच सांगायचा.

आता तळघराचं भांडण बघा. अडकलेल्यांपैकी हॅरी कूपर पहिल्यापासून ओरडतोय, खाली चला, एकच दार सांभाळायचंय. बेनचं म्हणणं, तळघर म्हणजे सापळा. हॅरी भित्रा, आपमतलबी, वर तोंडाळ. आपण साहजिकच बेनच्या बाजूने. आणि शेवटी बेन रात्र काढतो कुठे? त्याच तळघरात, दार आतून अडवून! प्रचारकी सिनेमाने नायकाला असं तोंडघशी पाडलं असतं का? मला तरी हे शेवटच्या गोळीपेक्षा जास्त बोचतं.

मिरजेचा भुत्या: पण ती गोळी? सकाळी शेरीफची टोळी येते, खिडकीतल्या बेनला मुडदा समजून टिपते. मग सिनेमा हलायचाच थांबतो, नुसते रवाळ फोटो, माणसांच्या हातात मांस अडकवायचे आकडे. अमेरिकेत लिंचिंगचे, म्हणजे जमावाने काळ्यांना ठार मारल्याचे, फोटो पाहिलेल्याला दुसरं काय आठवणार? हे आपोआप झालं म्हणता?

जुना प्रोजेक्टर: आपोआप कशाला? फोटो विचार करूनच लावलेत. पण चित्रीकरण १९६७ चं, पिट्सबर्गच्या आसपास. तयार प्रिंट गाडीत टाकून न्यूयॉर्कला निघाले, तेव्हा रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंगच्या हत्येची बातमी लागली, असं रोमेरोने सांगितलंय. त्यानंतर त्या शेवटाकडे कोण नुसती भुताची गोष्ट म्हणून बघणार?

रात्रपाळी: तळघराचा मुद्दा पटला. पण ती शुक्रावरून परतलेल्या यानाची किरणोत्सर्गाची भानगड कशाला?

जुना प्रोजेक्टर: मुडदे उठले की प्रेक्षक कारण मागणारच. त्यातही गंमत बघा, टीव्हीवर शास्त्रज्ञ आणि लष्करवाले कॅमेऱ्यासमोरच हुज्जत घालतात. माझ्या मते सिनेमातलं सगळ्यांत खरं राजकारण तेच.