दवाखान्यातल्या समाजसेविका ताईंचे आभार कसे मानावेत?

दहिवडीकर:
वडील गोठ्याच्या पत्र्यावरून पडले, डोक्याला मार लागला. साताऱ्याहून पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात हलवलं. काउंटरवर अनामत भरायला सांगितली तेव्हा खिशात अकरा हजार होते. एका मावशींनी तळमजल्यावरच्या समाजसेवा विभागात जायला सांगितलं. तिथल्या ताईंनी आधी मला बसवलं, पाणी दिलं. रेशन कार्डाची झेरॉक्स, आधार, अर्ज, डॉक्टरांची चिठ्ठी असे सगळे कागद क्रमाने लावले आणि प्रत्येकावर पेन्सिलीने १, २, ३ आकडे टाकले. "गोंधळ झाला तर आकडे बघा," म्हणाल्या. ऑपरेशन निर्धन रुग्ण निधीतून झालं. एकोणीस दिवसांनी वडील घरी आले.

आता आई म्हणते, ताईंची खणानारळाने ओटी भरायची. मामा म्हणतात पैठणी द्या. भावाने पाच हजारांचं पाकीट तयार ठेवलंय. काय योग्य?

वाळवंट_पंढरपूर:
पाकीट अजिबात नको. रांगेत तुमच्यामागे जो उभा असेल, त्याला वाटेल इथे पाच हजारांचा दर आहे. तो बिचारा व्याजाने काढून आणेल.

कोथरूड_७२:
मला मूळ प्रश्नच पटत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने आलेली ही योजना आहे. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम त्या निधीत टाकायची. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घ्यायचं, हेही त्यातच आहे. काउंटरने तुमच्याकडे अनामत मागितली ही चूक होती. हक्काच्या गोष्टीसाठी साड्या वाटायला लागलो तर उद्या तो हक्क उपकार होऊन बसेल. आभार मानण्यापेक्षा तक्रार करा.

दहिवडीकर:
दादा, हक्क कागदावर होता हे खरं. पण रात्री साडेनऊला बिलिंगला स्वतः जाऊन बोलल्या त्या ताई होत्या. ड्युटी संपली होती त्यांची. त्याला काय म्हणायचं?

माजी_वैद्यकीय_समाजसेविका:
मी बावीस वर्षं हे काम केलं, तेव्हा आतलं सांगते.

भारतात या पेशाची सुरुवातच मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली झाली. तरी आजही लोक आम्हाला 'बिल कमी करणाऱ्या बाई' म्हणून ओळखतात. आपण नेमकं काय केलं हे कुणी लिहून दिलं की आम्हाला त्याचंच अप्रूप.

पैसे, दागिना, पैठणी यांतलं काहीही घेता येत नाही. सरकारी दवाखान्यात असाल तर वर्तणूक नियमच आडवे येतात. पण खरं कारण वेगळं आहे. कोण निर्धन, कोण दुर्बल, हे कागद बघून आम्ही ठरवतो. ज्याची साडी अंगावर, त्याच्या भावाचा अर्ज उद्या टेबलावर आला तर माझा हात सरळ राहील का? मी पेढासुद्धा विभागात सगळ्यांसमोर उघडायचे.

पत्र लिहा. साध्या कागदावर, विश्वस्तांच्या नावे, एक प्रत ताईंना. त्यात काम लिहा: कुठला कागद, किती वाजता, काय समजावून सांगितलं. "आमच्यासाठी नियम वाकवले" असं प्रेमाच्या भरात लिहू नका, त्या अडचणीत येतील. यातल्या बऱ्याच जणी कंत्राटावर असतात, मुदतवाढीच्या वेळी फाइलमधलं असं पत्र उपयोगी पडतं.

आणि फोटो-नंबर गावच्या ग्रुपवर टाकू नका. माझा नंबर एकदा असाच फिरला, तर पहाटे तीनला तीन जिल्ह्यांतून फोन.

येडेश्वरी:
ताई, पत्राचं पटलं. पण आईच्या ओटीचं काय? पत्र मुलगा लिहील. त्या माउलीला लिहिता येत नसेल तर तिने कृतज्ञता कशी दाखवायची? खण-नारळाला लाच म्हणणं मला तरी जड जातं.

वाळवंट_पंढरपूर:
लाच नाही, पण ओटी सवाष्णीची भरतात. ताई विधवा असतील, अविवाहित असतील, दुसऱ्या धर्माच्या असतील. कामाच्या टेबलावर त्यांनी हे सगळं उघड करायचं का? माझ्या बहिणीवर ही वेळ आली होती. ती शिक्षिका आहे, नवरा गेलेला. पालकांनी भर वर्गात ओटी पुढे केली. तिने घेतली, आणि घरी येऊन दार लावून बसली.

येडेश्वरी:
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे आता विधवांचीही ओटी भरतात, पण समोरचीला विचारल्याशिवाय नको, हे मान्य.

कोथरूड_७२:
पत्राला माझा विरोध नाही. फक्त त्याच पत्रात अनामतीचाही उल्लेख करा. नुसतं कौतुक केलंत तर विश्वस्त म्हणतील, सगळं छान चाललंय.

माजी_वैद्यकीय_समाजसेविका:
इथे माझा ठाम विरोध. तक्रार जरूर करा, पण धर्मादाय सहआयुक्तांकडे, वेगळ्या कागदावर. एकाच पत्रात दोन्ही आलं तर साहेबांना वाटतं बाईनेच फूस लावली. भोगायचं तिला.

कोथरूड_७२:
म्हणजे तिच्या भीतीपायी आपण हळू बोलायचं. मला हे खुपतं. पण दोन कागद, ठीक आहे.

दहिवडीकर:
भावाला पाकीट मोडायला लावलं. त्यातले दोन हजार रुग्णालयाच्या त्याच निधीत, रीतसर पावती घेऊन भरणार.

पत्र आईने सांगितलं, मी लिहिलं. तिने सुरुवात केली ती अशी: "बाई, तुम्ही कागदावर पेन्सिलीने आकडे टाकले होते. मला अक्षर येत नाही, पण आकडे येतात. पोरगा औषधाला गेला तेव्हा चार नंबरचा कागद मीच डॉक्टरांना काढून दिला." हे मला माहीतच नव्हतं.

गुरुवारी वडिलांना तपासणीला न्यायचंय. ते म्हणतात, तळमजल्यापर्यंत काठी न घेता चालत जाणार.

माजी_वैद्यकीय_समाजसेविका:
काठी असू द्या, फरशी गुळगुळीत असते. पण त्यांना घेऊन जाच. घरी गेलेला पेशंट परत आम्हाला भेटायला फार क्वचित येतो.