मदत हवी आहे: .३०८ रायफलसाठी पहिला रीलोडिंग प्रेस (वापरलेली काडतुसं पुन्हा भरायचं यंत्र) कोणता?
टेक्सासमध्ये राहतो. बोल्ट अ‍ॅक्शन .३०८ विंचेस्टरसाठी महिन्याला शंभरेक काडतुसं घरी भरायची आहेत. प्रोग्रेसिव्ह प्रेस नकोच. दांडा एकदा ओढला की चार-पाच कामं एकदम होतात, केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळीत) पावडर कमी-जास्त पडली तरी नवख्याला कळत नाही. मग सिंगल स्टेज (एका वेळी एकच साचा बसतो) की टरेट (फिरत्या चकतीवर सगळे साचे, पण दर ओढीला एकच काम)?

डाय (केस दाबून पुन्हा मापात आणणारा साचा) फुल-लेंग्थ, म्हणजे पूर्ण केस दाबणारा, घेतोय. ल्यूब (वंगण) कमी पडलं की केस डायमध्ये रुतून बसते, तर ती काढायचा किट आधीच घ्यावा का? केसची कमाल लांबी २.०१५ इंच, ट्रिम (कापून) २.००५ ला, हाताने फिरवायचा ट्रिमर पुरेल?

पावडर तोलायचा काटा बीमचा (दांडीचा) की डिजिटल? डिजिटलचा आकडा पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा हलतो, म्हणून चेक वेट्स (काटा तपासायची नेमकी वजनं) घेणारच. कॅलिपर आणि रीलोडिंगचं मॅन्युअल (पावडरचं प्रमाण सांगणारं पुस्तक) आहे. बाकीचं सुटं घ्यावं की तयार किट?