मदत हवी आहे: अर्जेंटिनासारखा बीफ स्टेक घरच्या शेगडीवर कसा जमवावा?

नमस्कार मंडळी,

कामानिमित्त काही महिने ब्यूनोस आयर्सला होते, आता म्युनिकला असते. तिथे खाल्लेला बीफे दे चोरिसो (कमरेकडच्या भागाचा स्टेक) अजून जिभेवर आहे. चांगला दोन बोटं जाड तुकडा, एका कडेला चरबीची पट्टी आणि वर फक्त जाडं मीठ. मसाला नाही, मुरवणं नाही, लोणी नाही. चिमिचुर्रीची, म्हणजे पार्सली-लसणाच्या आंबट चटणीची, वाटी शेजारी असायची, पण मला तिची आठवणच व्हायची नाही, इतकी मांसाचीच चव पुरायची.

तिथे भाजताना मी पुष्कळदा शेजारी उभी राहून बघितलंय. लाकूड किंवा कोळसा जाळीखाली पेटवत नाहीत, बाजूला पेटवतात. ज्वाळा बसल्या की तयार निखारे तेवढे ओढून जाळीखाली पसरतात. जाळी चक्राने वरखाली होते. आच बघायला तळहात जाळीच्या उंचीवर धरतात आणि किती वेळ सोसवतं त्यावरून ठरवतात. बऱ्याच ठिकाणी जाळीच्या पट्ट्या पन्हाळीसारख्या आणि किंचित उतरत्या असतात. त्यामुळे वितळलेली चरबी बहुतेक पुढच्या भांड्यात जाते आणि खाली भडका उडत नाही. सगळं निवांत चालतं. बरगड्यांच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे तीरा दे आसादो, तासन्‌तास भाजत असतात आणि कुणालाही घाई नसते. मला वाटतं त्या चवीचं मर्म या संथपणात आहे, आणि माझी अडचणही तिथेच आहे.

आमच्या इमारतीत बाल्कनीत कोळसा पेटवायला परवानगी नाही. घरी विजेची शेगडी, ओव्हन आणि बिडाचा जड तवा आहे. तवा कडक तापवला की दोन-तीन मिनिटांत वरून खरपूस होतं, पण चरबीची पट्टी रबरासारखी राहते. कापल्यावर कडेने जाड राखाडी थर आणि लाल भाग मधे जेमतेम. तिकडे हा थर अगदी पातळ असायचा आणि चरबी तोंडात विरघळायची.

खाटकाकडे नेमकं काय मागू? मीठ कधी लावायचं? तव्यावर ती संथ आच कशी आणायची? आणि चिमिचुर्रीसाठी तिकडची सौम्य भरड मिरची (आही मोलीदो) इथे मिळत नाही, तिच्या जागी काय घालू? स्वतः करून बघितलेलं सांगितलंत तर फार बरं होईल.

प्रतिसाद:

ताई, जर्मनीत ‘रुम्पस्टेक’ मागा, चरबीची कड न काढता, साडेतीन सेंटीमीटर जाड. बीफे दे चोरिसो तोच भाग. ‘आंत्रकोट’ मागितलंत तर ओहो दे बीफे मिळेल, म्हणजे रिबआय, बरगड्यांकडचा भाग. तोही सुरेख, पण तुम्ही म्हणता ती कडेची पट्टी त्याला नसते. बव्हेरियात आहात तर एकदा ‘क्रोनफ्लाइश’ आणाच. अर्जेंटिनातल्या एंत्रान्याच्या (छातीखालच्या पडद्याच्या मांसाच्या) अगदी जवळचा भाग आहे, पातळ असल्याने कडक तव्यावरही झटपट छान होतो.

राखाडी थर येतो कारण आतपर्यंत ऊब पोचायच्या आधीच बाहेरचे थर जास्त शिजतात. म्हणून क्रम उलटा करा. ओव्हन 110 अंशांवर ठेवून स्टेक जाळीवर ठेवा, मधोमध 45 अंश होईपर्यंत. साधारण अर्धा तास लागतो, पण घड्याळापेक्षा थर्मामीटरवर विश्वास ठेवा. मग पुसून कोरडा करा. तव्यावर आधी चिमट्याने चरबीची कड खाली धरून उभा ठेवा, मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं. चरबी सुटली की आच वाढवा आणि त्याच चरबीत दोन्ही बाजू मिनिट-मिनिट भाजा. जरा थांबून कापा.

मीठ पाऊण तास आधी लावा, नाहीतर अगदी भाजताना. मधल्या वेळात लावलं तर पाणी सुटून पृष्ठभाग ओला राहतो आणि खरपूसपणा येत नाही.

प्रतिसाद:

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मिरचीसाठी ब्याडगी घ्या, बिया काढून भरड कुटा. रंग येतो, तिखटपणा बेताचा राहतो. पार्सली, लसूण, वाळका ओरेगानो, व्हिनेगर, तेल, मीठ. आदल्या रात्री करून ठेवा. कोथिंबीर मात्र नको, चव एकदम आपल्या चटणीकडे जाते.

निखाऱ्यांचा वास तव्यावर येणार नाही. तो चरबीचे थेंब निखाऱ्यांवर पडून येतो. त्यासाठी उन्हाळ्यात इझार नदीकाठी फ्लाउखरला जा, तिथे ठरवून दिलेल्या जागेत ग्रिल लावता येतं. पायांवर उभी राहणारी शेगडी न्या. केब्राचोचा (दक्षिण अमेरिकेतल्या एका कठीण लाकडाचा) कोळसा जर्मनीत ऑनलाइन मिळतो, तो बराच वेळ धगधगतो. एका कडेला पेटवा आणि निखारे लागतील तसे ओढून घ्या.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी रुम्पस्टेक आणते, आधी ओव्हनची पद्धत करून बघते. एक शंका राहिली: तुकडा फ्रिजमधून काढून लगेच ओव्हनमध्ये घातला तर चालेल का, की आधी बाहेर ठेवायचा?

प्रतिसाद:

लगेच घाला. इतक्या मंद ओव्हनमध्ये फरक पडत नाही, पाच-दहा मिनिटं जास्त लागतील एवढंच.